वाचनालयाच्या काउंटरवरची ‘मदत’ नव्याने लिहिताना: जून ते सप्टेंबर २०२४

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरची मदतपानं लिहिते. पुण्यात हे काम करून चौदा वर्षं झाली. आमच्या पेठेतलं वाचनालय शासनमान्य, ‘ब’ वर्गाचं. सभासद अकराशेच्या आसपास, देवघेवीच्या काउंटरवर तीन कॉम्प्युटर आणि त्यांत २००९ साली एका प्रोग्रामरने लिहून दिलेलं सॉफ्टवेअर. “त्यातली मदत कोणी उघडतच नाही, तू बघतेस का?” असं ग्रंथपाल बाईंनी मे महिन्यात विचारलं. शनिवार-रविवार धरून सहा आठवड्यांत करते म्हणाले होते, साडेतीन महिने लागले. दुसऱ्या एखाद्या वाचनालयात, पतसंस्थेत किंवा सोसायटीच्या ऑफिसात कोणी हेच करायला घेणार असेल, तर त्यांच्यासाठी या नोंदी चुकांसकट ठेवते आहे.

८ जून, शनिवार

एफ-वन दाबलं की मदतीची खिडकी उघडते, डावीकडे विषयांची यादी दिसते आणि उजवीकडे पान दाखवता येत नाही असा निरोप येतो. तिन्ही मशीनवर तेच. काकू गेली सव्वीस वर्षं देवघेव सांभाळतात. त्या म्हणाल्या, “अहो ताई, हे असंच आहे. मला वाटलं, आम्हाला बघायची परवानगी नाहीये.”

मी चुकीच्या जागी शोधत बसले. आधी ब्राउझरवर संशय, मग फाइल खराब झाल्याचा. एका मशीनवर सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. साडेआठ ते दीड, पाच तास गेले. मदतीची फाइल सीएचएम प्रकारची आहे, म्हणजे सगळी मदतपानं एकाच फाइलमध्ये बांधण्याची विंडोजची जुनी पद्धत. २०१८ मध्ये सर्व्हर आला तेव्हा ती सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये हलवली गेली. २००५ मधल्या एका सुरक्षा दुरुस्तीपासून विंडोज नेटवर्कवरून उघडलेल्या सीएचएमची पानं दाखवत नाही. यादी येते, मजकूर येत नाही. फाइल प्रत्येक मशीनच्या सी ड्राइव्हवर उतरवली आणि पानं दिसायला लागली. वीस मिनिटांचं काम.

सहा वर्षं मदत कोरी होती आणि कोणी तक्रार केली नाही. काकूंचं ते परवानगीचं वाक्य घरी येईपर्यंत डोक्यात होतं.

(तुमच्याकडे फाइल नेटवरून उतरवलेली असेल आणि कोरी दिसत असेल, तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’चा चौकोन आहे का, तेही पाहा.)

९ जून, रविवार

जुनी पानं वाचली. एकूण ११२. मेहनत घेऊन लिहिलेली आहेत, पण जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये. म्हणजे आत रोमन अक्षरांचे संकेत, वरून देवनागरीचा वेश. शोधाच्या चौकटीत आजच्या कीबोर्डने ‘पावती’ टाइप केलं तर एकही पान सापडत नाही. तिसऱ्या मशीनवर तो फॉन्टच नाही, त्यामुळे तिथे सगळा मजकूर चिन्हांचा गोंधळ.

मजकूर युनिकोडमध्ये बदलून परत सीएचएममध्ये भरून पाहिला. पानं आली, पण डावीकडच्या यादीत नुसती प्रश्नचिन्हं. सीएचएमची यादी आणि शोध जुन्या कोडपेजवर (एकेका लिपीच्या अक्षरांना संकेत देणाऱ्या तक्त्यावर) चालतात आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसं कोडपेजच नाही. मराठी तिथे फक्त युनिकोडमध्ये आहे. हे आधी माहीत असतं तर दुपार वाचली असती. सीएचएमचा नाद सोडला. आता साधी एचटीएमएल पानं, सर्व्हरवर एक छोटा वेब सर्व्हर, ब्राउझरमध्ये उघडायचं. सगळं इमारतीच्या आतच, कारण पावसात इथलं नेट जातं.

२२ जून, शनिवार

३१ पानं लिहून झाली. दोन शनिवार-रविवार आणि चार रात्री. सॉफ्टवेअरच्या मेनूचाच क्रम धरला: सभासद व्यवस्थापन, परतावा नोंद, शुल्क सवलत, दाखल नोंदवही. सोबत पडद्यांची ६४ चित्रं, बाण आणि आकडे काढून. नीटनेटकं दिसतंय. मला समाधान वाटलं.

२९ जून, शनिवार

पहिली चाचणी. पाच जण बसवले: काकू, संध्याकाळी येणारा कॉलेजचा मुलगा, ग्रंथपाल बाई, जेवणाच्या वेळी काउंटर बघणारे शिपाई मामा आणि सेवा म्हणून येणारे एक निवृत्त शिक्षक. पाचच का? सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे याचा अभ्यास करणारे याकोब निल्सन आणि टॉम लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेला हिशोब असा, की पाच माणसांसोबत बसलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. कागदी चिठ्ठ्यांवर प्रत्येकाला पाच कामं दिली. अडलं तर फक्त मदत बघायची, एकमेकांना विचारायचं नाही.

पंचवीसपैकी सहा कामं मदत वाचून झाली.

काकूंना म्हटलं होतं, मनात येईल ते बोलत बोलत काम करा. त्या एकदम गप्प झाल्या. पाठ ताठ, हात मांडीवर. दहा मिनिटांनी म्हणाल्या, “माझी परीक्षा आहे का ही?” मी सांगितलं, परीक्षा पानांची आहे. पण नुसतं सांगून ते जात नाही. समोर वही घेऊन कोणी बसलं की माणूस परीक्षेलाच बसतो.

त्यांचं पहिलं काम होतं, परत आलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर अजून सभासदाच्या नावावर दिसतंय, ते सोडवा. याला काउंटरवर ‘पुस्तक अडकलंय’ म्हणतात. काकूंनी यादी वरून खाली वाचली, परत वर गेल्या. ‘अडकलंय’ कुठेच नव्हतं. माझ्या पानाचं नाव होतं ‘प्रलंबित परतावा नोंदीचे निराकरण’. ते त्यांच्या डोळ्यांसमोरून दोनदा गेलं.

मग त्यांनी माउस सोडला आणि टेबलाच्या काचेखाली पाहिलं. तिथे त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. एक चिठ्ठी वाचून त्यांनी दीड मिनिटात पुस्तक सोडवलं.

१ जुलै, सोमवार

पालख्या कालपासून पुण्यात मुक्कामाला, पेठांतले रस्ते बंद, वाचनालयही बंद. काकूंना विचारून शनिवारी त्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून आणले होते. आज घरी बसून वाचल्या.

एकूण चौदा. काही शाईच्या, काही पेन्सिलच्या, एक लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर.

‘पावती अर्धी आली तर प्रिंटर बंद करून चालू. कागद ओढू नये.’
‘पुस्तक अडकलं तर आधी दुसऱ्या दाखल क्रमांकावर गेलंय का बघणे.’ (दाखल क्रमांक म्हणजे वाचनालयात दाखल होताना पुस्तकाला मिळालेला नंबर.)
‘नाव दोनदा आलं तर जुनं ठेवणे, नवं काढणे. उलट केल्यास वर्गणी जाते!!’

चौदाच्या चौदा चिठ्ठ्यांत ‘तर’ आहे. अमुक झालं तर तमुक करा. एकाही चिठ्ठीत मेनूचं नाव पहिलं येत नाही. उद्गारचिन्हं दोन आहेत आणि दोन्ही अशा जागी, जिथे कधी तरी हात पोळलेत. हीच या वाचनालयाची चालती मदत होती. कोणी मागितली नव्हती, काकूंनी गरजेपोटी लिहिली. मी ती पाहायच्या आधी ३१ पानं लिहून बसले होते.

मामांकडे काच नाही, म्हणून मामा अडले की काकूंना फोन करतात. मुलगा मला म्हणाला होता, “काकू नसल्या की मी सभासदाला उद्या या म्हणतो.” हे आठवून वाईट वाटलं. पावसात भिजत आलेल्या माणसाला ‘उद्या या’ ऐकून परत जावं लागतं.

उद्यापासून काउंटरवर एक वही. दोनशे पानी, ४५ रुपये. अडलं की आपल्या शब्दांत एक ओळ लिहायची. वेळ लिहायची, नाव नाही.

१४ जुलै, रविवार

दोन आठवड्यांत ४३ नोंदी. पुस्तक अडकलंय: १७. बारकोड घेत नाही: ८. दंडाची भानगड: ६. पावती: ५. बाकी किरकोळ ७.

जुन्या ११२ पानांत यांतल्या फक्त चार प्रकारांची उत्तरं होती, तीही पानाच्या शेवटी ‘टीप’ म्हणून. माझ्या ३१ पानांतही परिस्थिती फार वेगळी नव्हती. नवीन सभासद कसा नोंदवायचा याची सहा पानं मी चित्रांसह लिहिली होती. वहीत त्याबद्दल एकही ओळ नाही, कारण ते सगळ्यांना येतं.

आयबीएममध्ये जॉन कॅरल यांनी १९८० च्या दशकात नवशिक्यांना काम करताना पाहून हेच मांडलं होतं: माणसं आधी वाचून मग काम करत नाहीत, थेट कामाला हात घालतात, म्हणून पुस्तिका छोटी हवी आणि चूक झाल्यावर बाहेर कसं पडायचं ते तिच्यात हवं. मला हे नोकरीत पाठ होतं. तरीही घरच्या वाचनालयासाठी लिहायला बसले तेव्हा मेनूच समोर ठेवला, कारण तो तयार होता आणि माणसांना विचारायला वेळ लागतो.

२० जुलै, शनिवार

‘बारकोड घेत नाही’च्या आठही नोंदी एकाच मशीनवरच्या, बहुतेक संध्याकाळच्या. मी ठरवून टाकलं की स्कॅनर गेलाय. बुधवारी तपकीर गल्लीतून नवा आणला, २,४०० रुपये. आज लावला. दोन तास छान चालला, साडेपाचला परत तेच: ‘असा दाखल क्रमांक नाही’.

या वेळी मी मुलाच्या शेजारीच बसले होते, म्हणून दिसलं. त्याने आधी एका सभासदाचं नाव मराठीत टाइप केलं होतं आणि कीबोर्ड मराठीवरच राहिला होता. स्कॅनर म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने दुसरा कीबोर्डच. आमच्या त्या मशीनवर जो मराठी कीबोर्ड बसवलाय, त्यात स्कॅनरने पाठवलेले आकडे देवनागरीत उमटतात. पडद्यावर १४२०७ दिसतं, माणसाला ते बरोबरच वाटतं, पण सॉफ्टवेअरला रोमन आकडे हवे असतात. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून कीबोर्ड बदलला, की स्कॅनर ठीक.

२,४०० रुपये माझ्या घाईचे. दुकानदार परत घेईना. स्कॅनर वाचनालयाला जादाचा म्हणून दिला.

यावर मी मदतीचं पान लिहिलं, सहा पायऱ्या. रात्री प्रोग्रामरला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “ताई, दाखल क्रमांकाच्या चौकटीत देवनागरी आकडे आले तर मीच बदलून घेतो. एका ओळीचं काम आहे.” मंगळवारी बदल आला. पान काढून टाकलं. त्या दिवसापासून प्रत्येक पान लिहिण्याआधी मी हाच प्रश्न विचारते: पडदाच दुरुस्त करता येतो का?

२७ जुलै, शनिवार

गुरुवारी, २५ तारखेला, खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडच्या सोसायट्यांत शिरलं. वाचनालय गुरुवार-शुक्रवार बंद. आज उघडलं तर रांग. ज्यांची पुस्तकं त्या दोन दिवसांत परत करायची होती, त्यांना सॉफ्टवेअरने आपोआप दंड लावलेला. एका आजोबांच्या घरात गुडघाभर पाणी होतं. ते पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेऊन आले होते आणि पडद्यावर त्यांच्या नावापुढे चार रुपये.

काकू बाहेरगावी होत्या. मुलाने मदतीत शोधलं: ‘माफ’. काही नाही. ‘दंड काढणे’. काही नाही. सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव ‘विलंब शुल्क सवलत’ आहे आणि मी पानाला तेच नाव दिलं होतं. पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे वापरावेत हा आमच्या धंद्यातला नियम. तो इथे उलटला. पडद्यावरचा शब्द पानात असायलाच हवा, पण दार उघडतं ते माणसाच्या शब्दाने.

मुलाने शेवटी स्वतःच्या खिशातून आजोबांचे चार रुपये भरले. मला संध्याकाळी कळलं.

दुपारी शोधून काढलं ते असं. बंद दिवस ‘सुट्टी नोंद’मध्ये मागच्या तारखेने टाकता येतो. मग ज्यांची पुस्तकं अजून बाहेर आहेत, त्यांचा दंड आपोआप कमी होतो. ज्यांनी आधीच परत केली, त्यांचा होत नाही. तो एकेकाच्या खात्यात जाऊन काढावा लागतो. म्हणजे रांग सुरू होण्याआधी सुट्टी नोंदवली तर सगळं सुटतं, नंतर नोंदवली तर निम्मंच. पानाचं नाव ठेवलं ‘वाचनालय बंद होतं, तरी दंड लागलाय’. पहिली ओळ: ‘पहिलं पुस्तक परत घेण्याआधी हे करा.’

४ ऑगस्ट, रविवार

३१ पैकी २२ पानं काढून टाकली. लिहायला लागलेले तास मोजले तर साधारण चाळीस. राहिलेली नऊ मोडून आणि वहीतून नवी घेऊन आता १९ पानं आहेत.

पानाचा साचा आता असा. वर काउंटरवरच्या भाषेत अडचण. खाली लगेच पायऱ्या, जास्तीत जास्त पाच. जिथे चुकण्याची शक्यता आहे, त्याच पायरीखाली ‘असं दिसलं तर’. प्रस्तावना नाही. ‘पुस्तक अडकलंय’च्या पानाचं पूर्ण नाव: ‘पुस्तक हातात आहे, पण कॉम्प्युटर म्हणतो बाहेर आहे’.

भाषेवर वाद झाला. निवृत्त शिक्षकांचं म्हणणं, ‘पासवर्ड’ नको, ‘परवलीचा शब्द’ लिहा. मला मराठी शब्दांबद्दल त्यांच्याइतकीच आस्था आहे. पण मामांना ‘परवलीचा शब्द’ वाचून पुढे जाता आलं नाही, हे आम्ही दोघांनी एकत्र पाहिलं. ‘पासवर्ड’ ठेवला. उलट ‘डिलीट’च्या जागी ‘काढून टाका’, ‘अपडेट’च्या जागी ‘बदल जतन करा’ सगळ्यांना चाललं. शिक्षकांनीच मग सगळी पानं वाचून लांब वाक्यं तोडली, आणि त्यांच्या कात्रीने पानं खरंच सुधारली.

१० ऑगस्ट, शनिवार

एफ-वन जोडलं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पडद्याला मदतीसाठी एक क्रमांक आधीच दिलेला होता, तो बरा उपयोगी पडला. प्रोग्रामरने बदल करून दिला: एफ-वन दाबलं की त्या क्रमांकाचं पान ब्राउझरमध्ये उघडतं. त्याचे ५,००० रुपये झाले, ते समितीने दिले.

लगेच नवी अडचण. ब्राउझर पूर्ण पडदा व्यापतो. पायरी वाचायची, खिडकी खाली करायची, करायचं, परत वर आणायची. तिसऱ्या पायरीपर्यंत मामा पहिली विसरले. काउंटरचे मॉनिटर लहान आहेत, मी घरी मोठ्या पडद्यावर लिहीत होते. आता मदत उजव्या कडेला अरुंद पट्टीत उघडते आणि फॉर्म डावीकडे दिसत राहतो. पट्टीत ६४ चित्रांपैकी एकही मावेना. तशीही त्यांतली बरीच प्रोग्रामरच्या बदलांमुळे शिळी झाली होती. नऊ ठेवली, तीही फक्त त्या बटणाभोवतालचा तुकडा कापून. चित्रांवर एकूण अकरा तास गेले होते.

प्रोग्रामरने सुचवलं, रोज सॉफ्टवेअर उघडताना एक सूचना आपोआप दाखवू या. दोन दिवस लावून पाहिलं. दोन्ही दिवस सगळ्यांनी न वाचता बंद केली. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये १९९७ च्या आवृत्तीपासून ‘क्लिपी’ होती, बोलावलं नाही तरी मदतीला येणारी, डोळे असलेली ती कागदाची क्लिप. २००१ च्या आवृत्तीत ती आपोआप येणं बंद झालं आणि २००७ च्या आवृत्तीत गेलीच. आम्हीही आमची सूचना काढून टाकली.

एक चार मिनिटांचा व्हिडिओही केला होता. काउंटरच्या मशीनना स्पीकर नाहीत.

१७ आणि १८ ऑगस्ट

शोध. या दोन दिवसांबद्दल सविस्तर लिहिते, कारण मराठीत हे करणाऱ्या प्रत्येकाला इथे अडायला होणार आहे.

पहिली गोष्ट, सारखी दिसणारी अक्षरं आतून सारखी नसतात. ‘ॲप’ हा शब्द आमच्याच पानांत तीन प्रकारे होता: ॲप, अ‍ॅप, ऍप. यांतलं पहिलं ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली आलं. जुने कीबोर्ड अजून अ ला चंद्र जोडून ते बनवतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तर डोळ्याला अगदी सारखा दिसतो, पण एक जण तो ऱ या अक्षरातून काढतो, दुसरा र आणि हलन्तापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. शोधाला हे दोन वेगळे शब्द. उपाय: पानं आणि शोधलेला शब्द दोन्ही एकाच रूपात आणायचे, मग तुलना करायची. न दिसणारी जोडचिन्हं काढली, तिन्ही ॲ एक केले, अर्ध्या र ची दोन्ही रूपं एक केली, देवनागरी आकडे रोमन केले. युनिकोडची तयार सामान्यीकरण पद्धत यांतलं सगळं करत नाही, हाताने यादी लिहावी लागते.

दुसरी गोष्ट, विभक्ती. पानात ‘खाते’, शोधणारा लिहितो ‘खात्यात’. पानात ‘पावती’, शोधणारा ‘पावत्या’. मी सोपा मार्ग काढला: सुरुवातीची अक्षरं जुळली की झालं. शनिवारी रात्री खूश होऊन झोपले. रविवारी मुलाने ‘वर्गणी’ शोधलं आणि सगळ्यात वर आलं ‘वर्गीकरण क्रमांक बदलणे’. वाचनालयात तरी हे दोन शब्द वेगळे राहायलाच हवेत. तो मार्ग सोडला. वहीतून आणि पानांतून ७२ शब्द काढले आणि प्रत्येकाची रूपं हाताने लिहिली: दंड, दंडाचा, दंडाची, दंडात. सहा तास लागले. पानं १९ च असल्यामुळे हे परवडतं.

तिसरी गोष्ट, अनुस्वार आणि बोली. अडकलं, अडकले, अडकलंय, अटकलं. सगळी एका पानाकडे. मुलगा सगळं रोमन लिपीत टाइप करतो, म्हणून तीही स्पेलिंगं घातली, चुकीची धरून.

शोधलेला शब्द वेब सर्व्हरच्या नोंदीत उतरेल अशी सोय केली. काय शोधलं आणि काहीच का सापडलं नाही, हे त्याशिवाय कळणार नाही. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं असतं, त्यामुळे नोंदीत ‘दंड’सुद्धा सांकेतिक अक्षरांची लांब माळ होऊन येतो. उलगडायला एक छोटी स्क्रिप्ट लागते.

२५ ऑगस्ट, रविवार

दुसरी चाचणी. या वेळी जोडीने बसवलं: काकू आणि मुलगा, ग्रंथपाल बाई आणि मामा, शिक्षक आणि त्यांचे एक मित्र. एकाने माउस धरायचा, दुसऱ्याने मदत वाचून सांगायचं. काकूंचा गप्पपणा गेला. “अरे थांब, ते नाही, खालचं. बघ काय लिहिलंय, आधी दुसरा क्रमांक बघ.” माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा मला कोणालाही ‘बोलत राहा’ म्हणावं लागत नाही.

वहीतली सहा कामं, तीन जोड्या. अठरापैकी चौदा झाली. हा आकडा जूनच्या सहाशी थेट ताडून पाहू नका. माणसं एक सोडून तीच होती, त्यांना मदतीची सवय झाली होती आणि कामं वहीतलीच होती. चार फसली, त्यांतली तीन एकाच पानावर. ‘नाव दोनदा आलंय’ या पानात मी कोणतं नाव ठेवायचं ते चौथ्या पायरीत लिहिलं होतं. मामा तिसऱ्या पायरीवर नाव काढून मोकळे झाले. काकूंच्या चिठ्ठीत तो इशारा कृतीच्या आधी होता, दोन उद्गारचिन्हांसह. मी तो नीटस वाक्यरचनेसाठी खाली नेला होता. परत वर आणला. उद्गारचिन्हंही ठेवली.

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये वाचनालयांसाठी सांगितलेला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा हा आहे, आणि काउंटरवर अडलेला प्रत्येक मिनिट वाचकाचाच असतो. मी ते वाक्य मदतीच्या पानावर टाकणार नाही, तिथे जागा नाही. इथे मात्र लिहून ठेवते.

६ सप्टेंबर, शुक्रवार

शोधाची नोंद तीन आठवड्यांची पाहिली. ५८ शोध, त्यांतले ११ रिकामे. रिकाम्यांत ‘माऊस हलत नाही’ दोनदा, ‘लाइट गेल्यावर’ तीनदा. लाइटचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वीज जाते तेव्हा मदतही जाते. ते पान छापून, लॅमिनेट करून तिन्ही टेबलांवर ठेवलं. छपाई आणि लॅमिनेशन १२० रुपये. मामांनी उरलेल्या पानांच्याही छापील प्रती मागितल्या, त्या एका फाइलमध्ये लावून दिल्या. काकूंच्या काचेखालच्या चिठ्ठ्या तशाच आहेत आणि राहू द्याव्यात असं मी त्यांना सांगितलं.

उद्या गणपती. दहा दिवस काउंटर फक्त सकाळी.

२२ सप्टेंबर, रविवार

दिवाळी अंकांच्या योजनेची नोंदणी पुढच्या महिन्यात सुरू होईल. तेव्हा काउंटरवर वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी असते; अंकाची मुदत वेगळी, दंड वेगळा, वर्गणी वेगळी. यावर मदतीत काहीच नव्हतं, कारण वही जुलैतली.

मी विचारायच्या आधी काकूंनी पान लिहून आणलं होतं. वहीच्या फाडलेल्या दोन कागदांवर, आमच्याच साच्यात. नाव: ‘अंक मुदतीत आला नाही आणि पुढचा सभासद समोर उभा आहे’. पाच पायऱ्या, दुसरीखाली ‘असं दिसलं तर’. मी फक्त एका बटणाचं नाव दुरुस्त केलं.

मुलाने चाचणीच्या खात्यावर ते करून पाहिलं आणि तिसऱ्या पायरीवर अडला. सॉफ्टवेअर अंकाच्या मुदतीत साप्ताहिक सुट्टी, म्हणजे सोमवार, धरतं, पुस्तकाच्या मुदतीत धरत नाही. काकूंना पंधरा वर्षांत हे कधी दिसलं नव्हतं, कारण त्या तारीख नेहमी हातानेच घालतात. प्रोग्रामरला कळवलंय. त्याचं उत्तर येईपर्यंत तिसऱ्या पायरीखाली ओळ घातली आहे: ‘तारीख स्वतः मोजून घाला. सोमवार धरू नका.’